सर्वांचा बांध

आज जेथे नवी मुंबईच्या उंच इमारती उभ्या आहेत, तेथे पूर्वी कित्येक ठिकाणी भाताची शेते आणि मिठागरे होती. १९७० साली सिडको या महामंडळाची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनीवर हळूहळू हे नगर वसत गेले. त्यापूर्वी खाडीकाठच्या गावकऱ्यांची शेती खाऱ्या पाण्याच्या अगदी शेजारी होती. भरतीचे पाणी शेतात शिरू नये म्हणून खाडीच्या कडेने मातीचा लांबच लांब बांध घातलेला असे. त्याच्या आडोशाने साऱ्या गावाचे भात पिके. म्हणून तो बांध एकट्यादुकट्याचा नव्हे, तर साऱ्या गावाचा समजला जाई.

या भक्कम बांधाला भय होते ते एका लहानशा प्राण्याचे. तो प्राणी म्हणजे खेकडा. खेकडा बांधात बीळ करतो. ते बीळ प्रथम अंगठ्याएवढेच असते. परंतु उधाणाची भरती आली म्हणजे पाणी त्यातून झिरपू लागते, माती सुटते, बीळ रुंदावते आणि पाहता पाहता बांधाला खांड पडते. शेतात एकदा खारे पाणी शिरले की पुढील पिकाचीही आशा राहत नाही. म्हणून बांधावरून जाणारा कोणीही असो, अनुभवी शेतकरी असो की शेळ्या राखणारा पोर असो, त्याला पाणी झिरपताना दिसले तर त्याने हाक मारावयाची आणि हाक ऐकणाऱ्यांनी फावडी-घमेली घेऊन धावावयाचे. भोक बुजविणाऱ्याचे काम मोठे खरे. पण ते प्रथम पाहून हाक देणाऱ्याचे काम त्याहून कमी योग्यतेचे नव्हे.

आजच्या जगात असेच काही बांध मातीऐवजी अक्षरांनी आणि अंकांनी बांधले जातात. तेही साऱ्यांचे असतात आणि त्यांनाही राखणीसाठी सावध डोळे लागतात. त्यांना मुक्त आज्ञावली, किंवा रूढ भाषेत ओपन सोर्स सॉफ्टवेअर, असे म्हणतात.

संगणक हे यंत्र मोठे वेगवान, परंतु त्याला स्वतःची बुद्धी नाही. काय करावे आणि कोणत्या क्रमाने करावे हे त्याला माणसाने सांगावे लागते. अशा क्रमवार सूचनांच्या संग्रहास आज्ञावली अथवा सॉफ्टवेअर म्हणतात. माणूस या सूचना स्वतःला वाचता येतील अशा भाषेत लिहितो. हे झाले आज्ञावलीचे मूळ लिखाण. मग त्या लिखाणाचे यंत्राला कळेल अशा अंकांत रूपांतर होते. अंकांचे हे रूप माणसाला वाचून समजणे फार कठीण असते.

हलवायाच्या दुकानातून आपण मिठाई आणतो, तेव्हा आपल्याला मिठाई मिळते, तिची कृती मिळत नाही. कृती न सांगण्याचा हलवायाला अधिकार आहे. परंतु तीत साखर थोडी कमी हवी असे वाटले, तरी आपल्याला काही करता येत नाही. शेजारच्या काकू मात्र पदार्थ देतात आणि कृतीही लिहून देतात. ती वाचून आपण पदार्थ करू शकतो, त्यात बदल करू शकतो आणि चुलीवर जे साधले ते परत काकूंनाही सांगू शकतो. बहुतेक विकाऊ आज्ञावल्या हलवायाच्या मिठाईसारख्या असतात. मुक्त आज्ञावलीचे मूळ लिखाण मात्र कोणालाही पाहता येते. ती वापरावी, अभ्यासावी, दुसऱ्यास द्यावी आणि सुधारावी, अशी लेखी परवानगीच तिच्याबरोबर दिलेली असते. अशा परवानगीच्या लेखास परवाना म्हणतात.

या कल्पनेला चळवळीचे रूप कसे आले, हे जाणण्यासारखे आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेच्या एका प्रयोगशाळेत नवे छपाईयंत्र आले. त्यात कागद वारंवार अडकत असे. तेथे काम करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांनी पूर्वीच्या यंत्राच्या आज्ञावलीत सुधारणा करून, कागद अडकताच तशी सूचना संबंधितांना मिळेल अशी सोय केली होती. नव्या यंत्राचे मूळ लिखाण मात्र त्यांना मिळेना. ज्याच्याजवळ ते होते, त्यानेही गुप्ततेच्या करारामुळे ते देण्यास नकार दिला. दोष डोळ्यांपुढे होता, तो दूर करण्याचे ज्ञान हाती होते. पण मार्ग बंद होता. या अनुभवाचा स्टॉलमन यांच्या मनावर खोल परिणाम झाला आणि १९८३ साली त्यांनी ‘ग्नू’ या नावाने सर्वांना खुल्या असणाऱ्या आज्ञावलींचा संकल्प जाहीर केला.

पुढे १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा लायनस टॉरवाल्डस् हा एकवीस वर्षांचा विद्यार्थी संगणकाचा सारा कारभार पाहणारी एक आज्ञावली रचू लागला. आपण हे केवळ हौसेने करीत आहोत, असे त्याने इतरांना कळविले आणि सूचना मागविल्या. देशोदेशींच्या लोकांनी चुका दाखविल्या, दुरुस्त्या पाठविल्या, भर घातली. त्यातूनच ‘लिनक्स’ उभी राहिली. आज अँड्रॉइड दूरध्वनींच्या गाभ्याशी लिनक्सच असते आणि जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक संगणक २०१७ च्या नोव्हेंबरपासून लिनक्सवरच चालत आला आहे. एका विद्यार्थ्याने घातलेल्या बांधावर हजारो हातांनी अशी माती टाकली.

मराठी भाषेचाही या कामाशी निकटचा संबंध आहे. संगणकाला अक्षरे ठाऊक नसतात. त्याला ठाऊक असतात अंक. म्हणून ‘युनिकोड’ या जागतिक संकेतानुसार प्रत्येक अक्षरास एक क्रमांक दिलेला आहे. ‘क’ चा क्रमांक २३२५, तर ‘ळ’ चा २३५५. मराठीत ‘ॲ’ हे अक्षर आपण सहज लिहितो. पण या संकेतात त्याला २४१८ हा स्वतंत्र क्रमांक २००८ साली मिळाला.

क्रमांक मिळाला म्हणजे काम संपले असे मात्र नाही. ‘कि’ लिहिताना संगणकाकडे प्रथम ‘क’ जातो आणि नंतर वेलांटी. पडद्यावर मात्र वेलांटी अगोदर उमटावी लागते. ‘सूर्य’ या शब्दात ‘र’ चा उच्चार ‘य’ च्या आधी होतो, पण रफार बसतो ‘य’ च्या डोक्यावर. ही सारी हलवाहलव करणारी आज्ञावली नसेल, तर जोडाक्षरे मोडतात, वेलांट्या भलतीकडे जातात आणि मराठी मजकूर वाचता येईनासा होतो. पंचवीसएक वर्षांपूर्वी लिनक्सवर देवनागरीची अशीच ओढाताण होत असे.

नवी मुंबईत खारघर रेल्वे स्थानकासमोर सी-डॅक या सरकारी संगणकसंस्थेचे एक आवार आहे. तिच्यात विलीन झालेली राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र ही संस्था १९८५ साली मुंबईत स्थापन झाली होती. त्या संस्थेतील तज्ज्ञांनी ‘इंडिक्स’ नावाचे काम हाती घेऊन लिनक्सवर भारतीय लिपी नीट उमटाव्यात यासाठी परिश्रम केले. सुलेखनकार रा. कृ. जोशी हे याच संस्थेत काम करीत. अक्षराचे वळण कसे असावे, काना कोठे टेकावा, यांचा त्यांनी जन्मभर विचार केला. त्यांनी रेखाटलेली ‘रघु’ ही देवनागरी टंकमाला सर्वांच्या उपयोगासाठी मुक्त करण्यात आली. २००४ साली रेड हॅट या कंपनीने ‘लोहित’ या भारतीय लिपींच्या टंकमाला मुक्त परवान्याखाली दिल्या. आता ‘हार्फबझ’ नावाची मुक्त आज्ञावली फायरफॉक्स, क्रोम आणि अँड्रॉइड यांत अक्षरांची जुळणी करते. मराठीचे एखादे पान पडद्यावर सुबक उमटते, त्यामागे अशा अनेक ज्ञात-अज्ञात माणसांचे कष्ट असतात.

ही नावे मोठ्या विद्वानांची आहेत. मग या कामात नवख्याला, तशात शाळकरी मुलाला, कोठे जागा असणार, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. त्याचे उत्तर एका उदाहरणाने देता येईल.

समजा, बेलापूरच्या एका शाळेतील सातवीची मुलगी संगणकावर शब्दांचा एक खेळ खेळत आहे. खेळाची आज्ञावली मुक्त आहे. पडद्यावर सह्याद्रीच्या खोल दऱ्यांचे चित्र येते आणि त्याखाली शब्द येतो, ‘दर्या’. मुलगी थबकते. दर्या म्हणजे समुद्र. डोंगरांमधल्या त्या दऱ्या. रफार पडल्याने शब्दाचा अर्थच पालटला. ‘आचार्यांना’ नमस्कार करणे आणि ‘आचाऱ्यांना’ स्वयंपाक सांगणे यांत जेवढे अंतर, तेवढेच येथेही. संगणकाच्या हिशेबात ही चूक केवळ एका अंकाची आहे. साध्या ‘र’ चा क्रमांक २३५२, तर ज्याच्यापासून ‘दऱ्या’ मधले अर्धे ‘ऱ्’ बनते, त्या ‘ऱ’ चा २३५३. शब्द भरणाऱ्याने एक क्रमांक चुकविला. पण त्यामुळे हा खेळ खेळणारे प्रत्येक मूल चुकीचा शब्द शिकणार. बांधात बीळ पडले आहे आणि ते या मुलीला दिसले आहे.

येथे तिने काय करावे? प्रथम तिने आपल्या शिक्षकांना ते दाखवावे आणि त्यांच्या संमतीने पुढील पाऊल टाकावे. कारण अनोळखी माणसांशी पत्रव्यवहार करताना मुलांनी वडीलधाऱ्यांना बरोबर घ्यावे आणि आपला पत्ता, दूरध्वनी यांसारखी माहिती कोणास देऊ नये, हेच योग्य.

मग तिने वाचावे. बहुतेक मुक्त आज्ञावलींच्या मूळ लिखाणाबरोबर ‘मला वाचा’ अशा अर्थाच्या नावाचा एक मजकूर असतो. ती आज्ञावली कशासाठी आहे, कशी चालवावी आणि मदत करणाऱ्याने कोणते नियम पाळावेत, हे त्यात किंवा त्याच्या सोबतच्या मजकुरात सांगितलेले असते. परक्याच्या घरी पाऊल टाकताना आपण जोडे कोठे काढावेत हे पाहतो, त्यातलाच हा प्रकार.

त्यानंतर तिने शोधावे. आढळलेल्या दोषांची एक यादी बहुतेक मोठ्या प्रकल्पांत ठेवलेली असते. आपल्याला दिसलेला दोष त्या यादीत आधीच असेल, तर तोच पुन्हा कळविल्याने काम वाढते, सुधारणा होत नाही. कित्येक प्रकल्पांत अशा यादीतील काही कामांवर ‘नवख्यासाठी योग्य’ अशी खूणही केलेली असते. पहिले पाऊल कोठे टाकावे हे ज्याला कळत नाही, त्याने ती खूण शोधावी.

यादीत दोष नसेल, तर तो कळवावा. पण कसा? ‘तुमचा खेळ चुकीचा आहे, मराठीची वाट लावली आहे,’ असे लिहिले, तर वाचणाऱ्याला रागाखेरीज काहीच कळणार नाही. तो कदाचित दुसऱ्या खंडात राहत असेल आणि त्याला मराठी येतही नसेल. म्हणून चांगल्या निवेदनात तीन गोष्टी स्पष्ट असाव्या लागतात : मी काय केले, काय व्हावे अशी माझी अपेक्षा होती आणि प्रत्यक्षात काय झाले. ती मुलगी असे लिहू शकेल : “खेळाची मराठी आवृत्ती उघडून मी ‘निसर्ग’ हा विभाग निवडला. चित्र डोंगरांमधील खोल भागाचे आहे. त्याखाली ‘दऱ्या’ हा शब्द हवा. तेथे ‘दर्या’ असा शब्द आहे व त्याचा अर्थ समुद्र असा होतो. तीन वेळा पाहिले, तिन्ही वेळा असेच आले.” त्याबरोबर तिने खेळाची आवृत्ती कोणती आणि संगणक कोणता, हेही नमूद करावे. वैद्याला ‘बरे वाटत नाही’ एवढेच सांगण्यापेक्षा दुखते कोठे, केव्हापासून आणि केव्हा अधिक दुखते हे सांगितले, तर औषध लवकर सापडते.

असे एक अचूक निवेदन हे स्वतःच एक काम आहे. अर्धवट काम नव्हे. संगणकशास्त्रातील थोर पंडित डोनाल्ड क्नूथ यांनी सुबक छपाईसाठी ‘टेक्’ नावाची आज्ञावली रचली आणि तिचे मूळ लिखाण सर्वांना खुले केले. आपल्या ग्रंथांत जो नवी चूक दाखवील त्याला ते २ डॉलर ५६ सेंटचा धनादेश पाठवीत. आठ वेळा २ घेऊन त्यांचा गुणाकार केला म्हणजे २५६ ही संख्या येते आणि संगणकाच्या गणितात तिला मोठे महत्त्व आहे. म्हणून ही रक्कम. पुष्कळ लोकांनी ते धनादेश वटविले नाहीत, तर चौकटीत बसवून भिंतीवर लावले. एवढ्या मोठ्या पंडिताला आपली चूक दाखविणाऱ्याचा आदर करावासा वाटला, यातच चूक दाखविण्याच्या कामाची किंमत दिसून येते.

आता ती मुलगी आणखी एक पाऊल पुढे जाऊ शकेल. मूळ लिखाण खुले असल्यामुळे तिला शब्दांची यादीच उघडून पाहता येईल. ती त्या लिखाणाची स्वतःसाठी एक प्रत घेईल, प्रतीत शब्द सुधारील, खेळ पुन्हा चालवून पाहील आणि केलेला बदल प्रकल्पाच्या राखणदाराकडे पाठवील. ज्यांच्या संमतीवाचून मूळ लिखाणात बदल होत नाही, ते या बांधाचे राखणदार. कोणी, केव्हा, कोणती ओळ बदलली याची नोंद ठेवण्यासाठी बहुतेक प्रकल्प ‘गिट’ ही आज्ञावली वापरतात. तीही टॉरवाल्डस् यांनीच २००५ साली रचली. अशा वहीत लहानात लहान दुरुस्तीही ती करणाऱ्याच्या नावानिशी नोंदली जाते.

राखणदाराचे उत्तर लगेच येईलच असे नाही. कित्येक राखणदार आपली नोकरी सांभाळून, रात्री वा सुटीच्या दिवशी, विनामूल्य हे काम करतात. दोन आठवड्यांनी उत्तर आले आणि त्यात असे लिहिले आहे, अशी कल्पना करू : “मला मराठी येत नाही. दोन्ही शब्द शब्दकोशात आहेत काय? अशी चूक आणखी कोठे आहे काय? शिवाय तुम्ही चित्राचा रंगही बदलला आहे. तो बदल वेगळा पाठवावा.” नवख्याला हे उत्तर वाचून वाईट वाटण्याचा संभव आहे. आपण मदत केली आणि वर हे प्रश्न! परंतु शांतपणे वाचले, तर प्रत्येक प्रश्नाला कारण असल्याचे दिसेल. शब्दकोशाचा आधार मागणे म्हणजे अविश्वास नव्हे, ती खातरजमा आहे. एका वेळी एकच बदल पाठवावा, कारण पुढे काही बिघडल्यास बिघाड कोणत्या बदलाने झाला हे कळले पाहिजे. आणि ‘आणखी कोठे?’ या प्रश्नाने तर काम अधिक चांगले होते. मुलगी साऱ्या यादीवरून नजर फिरविते, तेव्हा तिला ‘पायर्या’ आणि ‘नोकर्या’ हेही तसेच चुकलेले शब्द सापडतात. ती तिन्ही शब्द सुधारते, रंगाचा बदल मागे घेते, शब्दकोशातील अर्थ लिहून पाठविते. काही दिवसांनी तिची दुरुस्ती स्वीकारली जाते. पुढील आवृत्तीपासून हा खेळ खेळणारे मराठी मूल, मग ते गडचिरोलीत असो, बेळगावात असो की लंडनमध्ये असो, चित्राखाली ‘दऱ्या’ हाच शब्द वाचते.

दरवेळी शेवट असा गोड होतो असे नाही. पाठविलेले काही बदल नाकारले जातात. कधी तेच काम दुसऱ्याने आधी केलेले असते, कधी प्रकल्पाची दिशाच निराळी असते. नकाराचे कारण समजून घेऊन पुढचे काम हाती घेणारा माणूसच या क्षेत्रात टिकतो.

राखणदार इतके काटेकोर का असतात, हे दोन घडलेल्या गोष्टींवरून ध्यानात येईल. इंटरनेटवरून जाणारी गुप्त माहिती सुरक्षित राखणारी ‘ओपनएसएसएल’ नावाची मुक्त आज्ञावली आहे. मार्च २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या एका आवृत्तीत एक लहानशी तपासणी राहून गेली. एका संगणकाने दुसऱ्यास काही अक्षरे पाठवावी, ती किती आहेत ते सांगावे आणि दुसऱ्याने तीच अक्षरे परत करावी, अशी त्यात योजना होती. परंतु सांगितलेली संख्या खरी आहे की खोटी, हे पाहिले जात नव्हते. चार अक्षरे पाठवून कोणी हजारो अक्षरे परत मागितली, तर तो भोळा संगणक आपल्या स्मृतीत शेजारी पडलेली गुप्त अक्षरेही देऊन टाकी! जगातील असंख्य संस्था ही आज्ञावली वापरत होत्या, मूळ लिखाण सर्वांसाठी उघडे होते, तरीही दोन वर्षे हे बीळ कोणास दिसले नाही. एप्रिल २०१४ मध्ये ते उघडकीस आले आणि साऱ्या जगात धावपळ उडाली. तेव्हा कळले की एवढ्या मोठ्या बांधावर पूर्ण वेळ राखण करणारा माणूस जेमतेम एक होता. प्रत्येकास वाटत होते की दुसरा कोणी तरी पाहत असेल. जे सर्वांचे असते, ते अशा रीतीने कोणाचेच राहत नाही.

दुसरी गोष्ट २०२४ सालची. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या संगणकावर एका कामास सुमारे अर्धा सेकंद अधिक लागत असल्याचे जाणवले. अर्धा सेकंद म्हणजे डोळ्याचे पाते लवण्याचा काळ. दुसऱ्या कोणी दुर्लक्ष केले असते. फ्रॉइंड यांनी मात्र त्याचा माग काढला. तेव्हा ‘एक्सझेड’ नावाच्या मुक्त आज्ञावलीत एक चोरवाट मुद्दाम लपविलेली आढळली. ती ठेवणाऱ्याने दोन वर्षांहून अधिक काळ चांगले काम करून आधी विश्वास संपादन केला होता. ही चोरवाट सर्वत्र पसरण्यापूर्वीच बंद झाली. मूळ लिखाण खुले होते, म्हणून शोध घेता आला. आणि एका माणसाने लक्षपूर्वक पाहिले, म्हणून तो लागला. केवळ दार उघडे असून भागत नाही. दाराशी कोणी तरी जागेही असावे लागते.

आज्ञावली लिहिता आली नाही, तरी मुक्त कामात भाग घेण्याचे इतर मार्ग आहेत. भाषांतर हा त्यांपैकी एक. पडद्यावरील इंग्रजी सूचना मराठीत आणणे वाटते तितके सोपे नाही. ‘ओपन’ या शब्दासाठी ‘उघडा’ असे लिहावे, तर ती आज्ञा आहे की फाइल आधीच उघडी असल्याची खबर आहे? तो शब्द पडद्यावर कोठे येतो, हे पाहिल्यावाचून भाषांतरकाराला निर्णय करता येत नाही. मराठीवर प्रभुत्व असणाऱ्या माणसाची येथे मोठी गरज असते. पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ या उपक्रमात मुक्त आज्ञावली शिकविणारे ध्वनिचित्रपाठ तयार होतात आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांत ते ऐकविले जातात. त्याच संस्थेच्या ‘फॉसी’ या उपक्रमात महाविद्यालयीन विद्यार्थी पाठ्यपुस्तकांतील सोडविलेली उदाहरणे मुक्त आज्ञावलींच्या साहाय्याने पुन्हा सोडवून सर्वांसाठी ठेवतात. लहान मुलांसाठी ‘टक्स पेंट’ ही चित्रे काढण्याची आणि ‘जीकॉम्प्रिस’ ही खेळांतून शिकण्याची आज्ञावलीही मुक्तच आहे. ती वापरणाऱ्या मुलाला एखादी चूक दिसली, तर तेथूनही आरंभ करता येईल.

या साऱ्या मार्गांचा आरंभ एकच आहे. जी वस्तू आपण रोज वापरतो, ती लक्ष देऊन वापरणे. ‘हे असेच असते’ असे म्हणून पुढे न जाता, ‘हे असे का?’ म्हणून क्षणभर थांबणे. मग वाचणे, शोधणे, नीट शब्दांत सांगणे आणि कोणी चूक दाखविली तर ती सुधारणे. यांपैकी कोणतीही गोष्ट केवळ संगणकाची नाही. शाळेच्या वर्गातही तीच शिकविली जाते.

खाडीकाठचे कित्येक जुने बांध आता उरले नाहीत. त्यांच्या जागी रस्ते आणि रेल्वेचे रूळ आले. परंतु त्या बांधांवर गावकरी जे शिकले होते, ते जुने झालेले नाही. भरती येण्यापूर्वी झिरपणारे पाणी दिसले पाहिजे, आणि ज्याला दिसले त्याने ‘हे माझे शेत नाही’ असे म्हणून पुढे जाता कामा नये. हाक मारणारा वयाने केवढा होता, हे बांध विचारीत नसे.